जुन्या उस्तादांच्या धाटणीतला नवरीचा फोटो : तारीख ठरवण्याआधी वाचा

आमच्या स्टुडिओत मोबाईलमधला एखादा जुना काळा-पांढरा फोटो दाखवून "अस्साच काढून द्या" असं सांगितलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा नवरीला हळद लागलेली असते आणि लग्न उद्यावर आलेलं असतं. अशा वेळी रंग काढून टाकून वर तपकिरी छटा देणं एवढंच हातात उरतं. ते तुमचा मोबाईलही करतो, त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका. जुना फोटो तसा दिसतो तो छटेमुळे नव्हे. प्रकाश कुठून आला, कोणता रंग काळा पडला आणि समोरची व्यक्ती किती वेळ न हलता बसली, यावर ते ठरतं. या गोष्टी मांडव पडण्याआधीच ठरवाव्या लागतात.

कोणाची धाटणी घ्यावी

शालू पायापर्यंत दिसावा, अंगावरचा दागिना न् दागिना दिसावा अशी इच्छा असेल तर राजा दीनदयाळ (१८४४–१९०५). हैदराबादच्या सहाव्या निजामाचे हे दरबारी छायाचित्रकार. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, त्याचा कारभारही एका बाईंकडेच होता. रंगवलेला पडदा, गालिचा, नक्षीची खुर्ची, वरून आणि बाजूने येणारा मऊ उजेड, नजर समोर, चेहरा गंभीर. घरातल्या वडीलधाऱ्यांना हीच धाटणी पसंत पडते, आणि आमच्या मते नऊवारीला याहून चांगली चौकट नाही.

चेहराच हवा असेल तर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म कलकत्त्याचा, १८१५चा. कॅमेरा हातात आला तेव्हा वय अठ्ठेचाळीस. अगदी जवळून घेतलेला चेहरा, एकाच बाजूचा उजेड आणि मुद्दाम थोडा सैल सोडलेला फोकस. इथे एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते : दीड मीटरवरून ८५ मिमी लेन्सने एफ १.८ला, म्हणजे लेन्सचं तोंड खूप उघडून, फोटो घेतला तर जेमतेम तीन सेंटिमीटर जागा स्पष्ट येते. डोळा स्पष्ट धरला की नथ विरघळते. "नथ नीट दिसत नाही" ही तक्रार नंतर चालत नाही. नथीचे मोती मोजता यायला हवे असतील तर एफ ५.६ (लेन्सचं तोंड लहान) आणि अडीच मीटर अंतर, मग नाकापासून अंबाड्यापर्यंत सगळं स्पष्ट. पण मग तो कॅमेरॉनचा फोटो राहत नाही.

हॉलिवूडच्या नट्यांचे १९३०च्या दशकातले झगझगीत फोटो, गालाचं हाड उठून दिसणारे, ही जॉर्ज हरेल यांची धाटणी. वरून समोरून येणारा कडक दिवा, काळीभोर सावली, आणि नंतर निगेटिव्हवर पेन्सिलने केलेलं बारीक रिटचिंग. नवरीला हे फार शोभतं, पण नथीमुळे यात एक घोळ होतो, तो पुढे सांगितला आहे. छायाचित्रकार यूसुफ कार्श यांच्याकडून आम्ही एकच गोष्ट घेतो. ते हातांना वेगळा दिवा देत. मेंदीचे आणि चुड्याचे हात असतील तर ही गोष्ट सोन्यासारखी. छायाचित्रकार अर्विंग पेन यांनी १९४८मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दोन पडभिंती चिंचोळ्या कोनात लावून त्या कोपऱ्यात माणसं उभी केली. त्यासाठी आम्ही राखाडी रंग दिलेले चार बाय आठ फुटी प्लायचे दोन तक्ते वापरतो. घेरदार लेहेंगा त्या कोपऱ्यात मावत नाही, साडी मावते.

आणि आपल्या खान्देशातले छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९). चाळीसगावच्या घरात वर्षानुवर्षे जवळजवळ कोंडून घेऊन राहिलेल्या या माणसाने टेबलावर साध्या वस्तू मांडून अख्खे निसर्गदेखावे उभे केले. घराला त्यांनी डच चित्रकार रेम्ब्राँटचं नाव दिलं होतं. रेम्ब्राँट प्रकाश म्हणजे काय, तर दिवा बाजूला पंचेचाळीस अंशांवर आणि डोळ्यांच्या वर ठेवला की सावलीतल्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. लांबट चेहऱ्यावर तो सुरेख बसतो, अगदी गोल चेहऱ्यावर कधी कधी बसतच नाही.

लाल शालू काळा का होतो

एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटला फक्त निळा-जांभळा उजेड कळे. लाल आणि पिवळा तिला अंधारच. म्हणून त्या काळच्या फोटोत लाल कापड काळं, कुंकू काळं आणि आकाश कोरं पांढरं दिसतं. मोबाईलचा काळा-पांढरा फिल्टर लालाचा मधला राखाडी करतो, तिथेच गाडी घसरते. आम्ही रॉ फाईलमधून (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाईल) निळा आणि हिरवा चॅनल, म्हणजे त्या-त्या रंगाच्या उजेडाची नोंद, घेऊन छटा बांधतो. त्यासाठी पिवळा बल्ब चालत नाही, कारण त्यात निळा उजेड फार कमी असतो आणि फोटोत दाणा उठतो. दिवसाचा उजेड किंवा फ्लॅश, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० ते २००.

आता याचा साड्यांवर परिणाम पाहा. लालभडक शालू जवळजवळ काळा होतो आणि त्यावरची जर चमकते, हे उत्तम. निळ्या पैठणीचा रंग उडाल्यासारखा दिसतो. राणी रंगात निळ्याचा अंश असल्याने तो लालापेक्षा फिका येतो. पिवळी साडी गडद होते, म्हणजे हळदीची पिवळी साडी फोटोत पिवळेपणाचा मागमूसही ठेवत नाही. लाल लिपस्टिक काळी दिसते, म्हणून त्या दिवशी फिकट गुलाबी लावायची. मेंदी मात्र खुलते : आज काढली तर उद्या-परवा तिचा रंग चढतो आणि तेव्हाच ती फोटोत सगळ्यात गडद उमटते.

जळगावचं सोनं पिवळंधमक, आणि नेमकं तेच निळ्या चॅनलमध्ये काळवंडतं. त्यात सोनं म्हणजे आरसाच, समोर जे असेल ते दाखवणार. समोर काळा पडदा असेल तर ठुशी काळी, पाटल्या काळ्या. म्हणून कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना थर्मोकॉलचे मोठे पांढरे तक्ते उभे करतो, म्हणजे दागिन्यांच्या कडेवर पांढरी रेघ चढते. हिऱ्या-खड्यांना याउलट एक छोटा कडक दिवा लागतो, मोठ्या मऊ उजेडात ते मेलेले दिसतात. सोनं आणि खडे दोन्ही असतील तर दोन दिवे, आणि वेळ दीडपट.

हळद

हा मुद्दा इथल्या प्रत्येक घराला लागू आहे. हळद लागल्यावर दोन-तीन दिवस त्वचेवर पिवळे पट्टे राहतात : कानाच्या मागे, केसांच्या कडेला, नाकाच्या बाजूला. डोळ्यांना ते गोड दिसतात. निळ्या चॅनलमध्ये ते मातीचे डाग दिसतात, आणि मेकअप त्यांना पूर्ण झाकत नाही. म्हणून या धाटणीचा फोटो हळदीच्या किमान चार दिवस आधी, किंवा लग्नानंतर आठवड्याने शालू पुन्हा नेसून. लग्नानंतर काढण्यात अपशकुन वगैरे काही नाही. उलट मंगळसूत्रही फोटोत येतं आणि झोप झालेली असते.

याच कारणाने उन्हाने रापलेला चेहरा, तीळ, मुरुमांचे वण निळ्या चॅनलमध्ये उठून दिसतात. त्यामुळे चेहऱ्यासाठी आम्ही हिरवा चॅनल जास्त आणि निळा कमी घेतो, शालूसाठी उलट, आणि मग दोन्ही भाग हाताने एकमेकांशी जुळवतो. चेहऱ्याचा वर्ण मुद्दाम उजळून देत नाही. सांगूही नका.

दिवा, अंतर आणि नथीची सावली

बहुतेक फोटोंना आम्ही एकच मुख्य दिवा वापरतो : १२० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स (उजेड मऊ करणारं अष्टकोनी आवरण), चेहऱ्यापासून एक मीटरवर. दिवा जवळ का, याला कारण आहे. प्रकाश दुप्पट अंतरावर चौथा हिस्सा उरतो, तिप्पट अंतरावर नववा. पडदा दिव्यापासून तीन मीटरवर असला की साधा राखाडी पडदा आपोआप गडद होतो, काळा पडदा लावायची गरजच पडत नाही. दिवा मागे नेला की चेहरा आणि पडदा सारखेच उजळतात आणि फोटो पासपोर्टचा होतो.

आता नथ. हरेल पद्धतीत दिवा समोरून वर असतो, त्यामुळे नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते. त्यात मोत्यांच्या नथीची सावली मिसळली की वरच्या ओठावर सरळ मिशी दिसते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती पटकन लक्षात येत नाही, मोठ्या प्रिंटवर दिसते. उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकदम लागतात : दिवा सहा इंच खाली, हनुवटी किंचित वर, आणि छातीच्या उंचीला, चौकटीबाहेर, पांढरा तक्ता. बाजूचा दिवा असेल तर तो नथीच्याच बाजूला, म्हणजे नवरीच्या डावीकडे ठेवायचा. उजवीकडून दिला की नथ नाकाच्या सावलीत बुडते आणि जिच्यासाठी एवढं केलं तीच दिसत नाही.

मुंडावळ्यांच्या सरी गालांवर उभ्या रेघा पाडतात. कानामागे पारदर्शक टेपचा तुकडा लावून त्या अर्धा इंच बाहेर काढल्या की रेघ गालावरून निघून जाते. पंखा बंद. एसी चालेल, पण त्याचा झोत थेट नको.

जरीचा झगमगाट घालवायला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) का लावत नाही, असं काही जाणकार विचारतात. धातूवरची चमक त्याने जात नाही. निरीची एक घडी बोटाने वळवली की जाते.

एक सेकंद न हलता

जुन्या काळी काही सेकंद, कॅमेरॉनकडे तर काही मिनिटं, बसून राहावं लागे. मानेमागे लोखंडी टेकू असे. त्या स्थिरपणाने चेहऱ्यावर जी शांतता येते ती १/१२५ सेकंदात येत नाही. हवं असेल तर आम्ही एक सेकंदाचा फोटो घेतो. उंच पाठीच्या खुर्चीत मानेमागे छोटी उशी, ती पदराआड लपते. श्वास अर्धा सोडून थांबायचं. आठ फोटोंतले दोन-तीन स्पष्ट निघतात. बाकीच्यांत डोळे स्थिर असूनही नथीचे मोती थरथरून पांढरी रेघ होतात. ती रेघ काहींना आवडते, तेव्हा ते फोटोही दाखवतो, लगेच खोडत नाही.

मेकअपवाल्या ताईंना सांगायचं

चकाकणारी पावडर नको. झिंक किंवा टायटॅनियमवालं सनस्क्रीन समोरच्या फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक करतं, तेही त्या दिवशी नको. नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळावर चमक राहू नये. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स जुन्या धाटणीचा सगळा परिणाम घालवतात.

घरी काढायचा असेल तर

धाब्याचं जुनं घर, ओसरी, देवळी असेल तर आम्ही आनंदाने येतो. उत्तरेच्या खिडकीसारखा उजेड दुसरा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथे दिवसभर थेट ऊन शिरत नाही. मे महिन्यात मात्र जळगाव-भुसावळकडे सूर्य जवळपास डोक्यावरून जातो आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीवरही तिरकं ऊन येतं. तेव्हा खिडकीला पांढरं मलमल ताणून लावावं लागतं. नवरी खिडकीपासून चार फुटांवर. समोरच्या बाजूला पांढरी चादर धरायला एक उंच माणूस हवा, मामा बहुधा तयार असतात. भिंतीला हिरवा डिस्टेंपर असेल तर रंगीत फोटोत हनुवटी हिरवट येते. काळ्या-पांढऱ्याला काही फरक पडत नाही. पारा ४३ अंशांवर गेला की मेकअप वीस मिनिटंही धरत नाही, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातला सुरुवात, साडेनऊला आवरतं.

स्टुडिओत तयारी सोडून अडीच तास धरा. तेवढ्यात दोनच धाटण्या होतात. पाच हव्यात असा आग्रह धरला तर पाचही अर्ध्या होतील. सोबत दोनच माणसं यावीत. जास्त आली की नवरी प्रत्येकाकडे बघून हसते आणि दीनदयाळांच्या फोटोत कुणी हसत नाही. दागिने सांभाळायला मात्र घरचंच माणूस हवं.

प्रिंट

बारा बाय अठरा इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० गुणिले ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून ती होत नाही, तेव्हा मूळ फाईलचा पेन ड्राइव्ह जपा. कागद सुती, ३०० जीएसएम, चमक नसलेला. कुंकू, ओठ आणि चुडा हाताने जलरंगात रंगवून हवे असतील तर प्रिंटच्या नेहमीच्या पंधरा दिवसांवर आणखी आठ दिवस लागतात, आणि रंग चढल्यावर तो पुसता येत नाही, म्हणून आधी छोट्या प्रिंटवर नमुना दाखवतो.

फ्रेम करताना काच आणि प्रिंटच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटरचा माउंट (पुठ्ठ्याची चौकट) ठेवायलाच लावा. पावसाळ्याच्या दमटपणात काचेला चिकटलेली प्रिंट सोडवताना फाटते. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर टांगू नका. मागे नाव-तारीख लिहायची तर शिसपेन्सिलीने. पेनाची शाई काही वर्षांत पुढे उमटते.