हुकमी रिसीव्हर सोडावा का? एनएफएलमधील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जानेवारी १९७० मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सने पॉल वॉरफिल्ड हा आपला अव्वल रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलून पुढे नेणारा खेळाडू) मायामी डॉल्फिन्सला दिला आणि बदल्यात त्या वर्षीच्या ड्राफ्टमधील, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेतील, तिसऱ्या क्रमांकाची निवड मिळवली. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये अशा ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा, मोबदला पैशांत नव्हे, तर खेळाडूंच्या किंवा ड्राफ्टमधील निवडीच्या हक्कांच्या रूपाने चुकवला जातो. त्या निवडीवर ब्राउन्सने माइक फिप्स हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) घेतला, पण तो अपेक्षांना उतरला नाही. इकडे वॉरफिल्डसह मायामीने १९७२ च्या हंगामात सतराच्या सतरा सामने जिंकले आणि पुढच्या वर्षी विजेतेपद राखले.

तेव्हा संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा नव्हती. १९९४ मध्ये ती आली आणि वादाचे स्वरूपच बदलले, कारण एका खेळाडूला वाढवून दिलेला प्रत्येक डॉलर आता दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून जाऊ लागला. त्यातच करारावेळी दिलेला बोनस हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागून दाखवता येत असल्याने, खेळाडू मध्येच सोडला की त्याचा उरलेला भाग संघाच्याच खात्यावर पडतो.

२०२२ च्या मार्चमध्ये या गणिताने टोक गाठले. ग्रीन बे पॅकर्सने डेव्हान्टे ॲडम्सला रेडर्सकडे पाठवले आणि त्यानंतर आठवडाभरातच कॅन्सस सिटी चीफ्सने टायरीक हिलला पाच निवडींच्या बदल्यात मायामीला दिले. मायामीने हिलशी चार वर्षांसाठी १२ कोटी डॉलरचा वाढीव करार केला. हिलने तेथे सलग दोन हंगामांत प्रत्येकी १,७०० हून अधिक यार्ड (झेल घेऊन संघाला पुढे नेलेले अंतर) मिळवले, तरीही त्या दोन्ही हंगामांची विजेतेपदे चीफ्सनेच पटकावली. मिळालेल्या निवडींपैकी दोन वापरून त्यांनी ट्रेंट मॅकडफी हा बचावपटू मिळवला होता. मात्र पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक हाताशी नसता, तर हाच निर्णय धाडसाऐवजी वेडेपणाचा ठरला असता, असे मला वाटते. टेनेसी टायटन्सने त्याच एप्रिलमध्ये ए. जे. ब्राउनला फिलाडेल्फिया ईगल्सकडे सोपवले. डिसेंबरमध्ये ईगल्सकडून ३५-१० असा पराभव झाल्यानंतर दोनच दिवसांत टायटन्सच्या जनरल मॅनेजरला पद गमवावे लागले.

अर्थात केवळ क्वार्टरबॅकवरून निकाल लावता येत नाही. ॲरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक असूनही ॲडम्सविना पॅकर्सचा २०२२ चा हंगाम आठ विजय आणि नऊ पराभव असा संपला.

दोन्ही बाजूंचे भले झाल्याचे उदाहरण म्हणून स्टेफॉन डिग्जच्या ट्रेडकडे पाहता येते. २०२० मध्ये मिनेसोटा वायकिंग्जने त्याला बफेलो बिल्सकडे धाडले आणि मिळालेल्या बाविसाव्या क्रमांकावर जस्टिन जेफरसनची निवड केली. डिग्जने त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक १२७ झेल घेतले आणि १,५३५ यार्ड मिळवले, तर जेफरसनने पदार्पणातच १,४०० यार्डांची मजल मारली. मात्र असे सौदे विरळाच, आणि बाविसाव्या क्रमांकावर जेफरसन सापडेल हे गृहीत धरून कोणी व्यवहार करू नये.

चार वर्षांनी बिल्सनेही डिग्जला ह्यूस्टन टेक्सन्सकडे पाठवले. त्यापोटी सुमारे ३ कोटी १० लाख डॉलरचा बोजा २०२४ च्या वेतनमर्यादेत त्यांनी सोसला, तरीही क्वार्टरबॅक जॉश ॲलनच्या बळावर १३ सामने जिंकून ते कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटाच्या, अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले.