व्हान्सियन जादू

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) आणि त्याच्या वळणावर गेलेल्या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांतील (टेबलाभोवती बसून एकेक पात्र वठवत कथा रचण्याच्या खेळांतील) जादूची एक पद्धत. जादूगाराने विश्रांतीनंतर पोथी उघडून ठरावीक मंत्र पाठ करायचे. मंत्र उच्चारला, की तो स्मृतीतून पुसला जातो. एकाच दिवसात तोच दोनदा लागणार असेल, तर दोनदा पाठ करून ठेवावा लागतो. जपाने मंत्र सिद्ध होतो हे ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रकार उफराटाच वाटेल.

नाव अमेरिकन लेखक जॅक व्हान्स (१९१६–२०१३) याच्यावरून पडले. त्याच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकातील पृथ्वी अतिदूरच्या भविष्यातली आहे. सूर्य विझत आला आहे आणि हजारो मंत्रांपैकी शंभरेकच उरले आहेत. तिथे मंत्र मेंदूवर ओझ्यासारखा बसतो, म्हणून मोठ्या जादूगारालाही एका वेळी मोजकेच पेलतात. म्हणजे ही टंचाई मुळात त्या मरू घातलेल्या जगाची होती.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये डी अँड डी प्रसिद्ध केला, तेव्हा ती टंचाई तेवढी उचलली. विझणारा सूर्य मागेच राहिला. कारण व्यवहारी होते. हा खेळ सैन्याच्या लुटुपुटुच्या लढायांतून जन्मलेला. तिथे तोफेचे गोळे मोजावे लागतात, तसे इथे मंत्र. सुरुवातीच्या नियमांत पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळे. तो संपला, की हाती खंजीर घेऊन इतरांच्या आड उभे राहायचे. पाचव्या पातळीला आगीचा गोळा हाती आला, की तोच मनुष्य अख्खी खोली जाळू शके. तलवारबाजाच्या तुलनेत जादूगार आधी दुबळा आणि पुढे डोईजड, हा तोल आजतागायत वादाचा विषय आहे. मंत्र संपले की सगळी टोळी मुक्काम ठोकते. या सवयीला खेळाडू 'पंधरा मिनिटांचा दिवस' म्हणून हिणवतात.

पर्याय लगेच आले. 'टनेल्स अँड ट्रोल्स' (१९७५) मध्ये मंत्राची किंमत अंगातल्या ताकदीतून वजा होते. 'रूनक्वेस्ट' (१९७८) च्या ग्लोरांथा जगात सामान्य शेतकऱ्यालाही थोडीफार जादू येते, त्यामुळे तिथे जादूगार ही वेगळी जात उरत नाही. 'कॉल ऑफ कथुलू' (१९८१) हा भयकथेचा खेळ. त्यात मंत्र वापरणाऱ्याचे मनःस्वास्थ्यच झिजते. 'आर्स मॅजिका' (१९८७) मध्ये तेराव्या शतकातल्या युरोपातले जादूगार पाच क्रियापदे आणि दहा नामे जुळवून हवा तो मंत्र तिथल्या तिथे रचतात. जादूची किंमत कशात मोजायची हे एकदा ठरले, की कथा भयाची की पराक्रमाची हेही बरेचसे ठरून जाते. डी अँड डीच्याच 'डार्क सन' (१९९१) या वाळवंटी जगात मंत्र आजूबाजूच्या झाडझाडोऱ्याचा जीव शोषून घेतात. व्हान्सचे मरू घातलेले जग असे वेगळ्या वाटेने परत आले.

डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीने (२००८) ही पद्धत जवळजवळ मोडीत काढली. पाचवीत (२०१४) तयार केलेला मंत्र वापरल्यावर विसरत नाही, फक्त त्या दिवसाच्या ठरावीक 'स्लॉट'पैकी, म्हणजे मंत्र वापरण्याच्या संधींपैकी, एक खर्च होतो. व्हान्सचे ऋण खेळात आणखी एका जागी आहे: व्हेक्ना या कुप्रसिद्ध खलपुरुषाचे नाव व्हान्सचीच इंग्रजी अक्षरे उलटसुलट लावून केलेले आहे.