ठाण्याचा किल्ला, तळोज्याच्या बराकी आणि न उतरणारी गिनती

ठाणे मध्यवर्ती कारागृहाची तटबंदी कैद्यांसाठी बांधलेली नाही. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास किल्ल्याचं काम काढलं. ते पुरं होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकलं आणि १७७४ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९१० मध्ये इथेच फाशी झाली. शहर वाढलं, पण तट सरकवता येत नाही. अधिकृत क्षमता ११०५ आणि अलीकडच्या काही वर्षांतली गिनती, म्हणजे आतल्या बंद्यांची संख्या, चार हजारांच्या घरात. आदर्श कारागृह नियमावली झोपायला माणशी ३.७१ चौरस मीटर जागा सांगते. क्षमता त्या मापाने धरली, तर प्रत्यक्षात वाट्याला जेमतेम एक चौरस मीटर येतो, म्हणजे कुशीवर झोपणं आलं.

उपाय म्हणून खारघरजवळ तळोजा कारागृह उभं राहिलं. क्षमता २१२४, म्हणजे जवळजवळ दोन ठाणी. तरी ठाणं मोकळं झालं नाही आणि ५४० क्षमतेचं कल्याणचं आधारवाडी कारागृहही नाही. कारण गिनती बराकींच्या संख्येवर ठरत नाही, ती कोर्टात ठरते. २०२२ च्या अखेरीस राज्यात सुमारे ४१ हजार बंदी होते आणि त्यांतले पाचांपैकी चार कच्चे, म्हणजे शिक्षा न झालेले. अमली पदार्थ कायदा (१९८५), संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका (१९९९), मनी लाँडरिंगचा कायदा (२००२) यांनी जामिनाचं दार अरुंद केलं, पण गर्दीचा सगळा दोष त्यांच्या माथी मारणं सोपं आहे. साध्या चोरी-मारामारीचे आरोपीही अडकतात, ते दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे पोलीस गार्ड. कैद्याला कोर्टात नेणं कारागृहाच्या शिपायांचं काम नाही; त्यासाठी पोलीस मुख्यालयातून गार्ड यावा लागतो. गणपती, निवडणूक, मोर्चा असला की गार्ड बंदोबस्ताला जातो आणि तारीख बुडते. एकाच खटल्यातला एक आरोपी तळोज्यात, दुसरा आधारवाडीत असेल तर एक गैरहजर म्हणून दोघांचंही काम पुढे जातं. व्हिडिओ कॉन्फरन्सिंग कोठडी वाढवायला पुरतं. साक्ष चालू असताना वकिलाच्या कानाशी लागायला नाही.

दुसरं ठिकाण जामीनदार. जामीन मंजूर होतो, पण सुटका होत नाही. स्थानिक जामीनदार हवा, त्याचं रेशनकार्ड, पगारपत्रक किंवा घराचा कागद, कधी तहसीलदाराचा सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला. भिवंडीच्या लूमवर किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत कंत्राटी राबणाऱ्या परप्रांतीय मजुराला हे कोण देणार? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं आणि महिनाभरात हमी भरली गेली नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदतीची योजना आणली. अर्ज भरायला वॉर्डात कुणी फिरकलं नाही तर दोन्ही कागदावरच राहतात.

खर्चाचा हिशेब मांडताना सहसा फक्त सरकारी बाजू दिसते. बंद्यांवर थेट होणाऱ्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा जेवणाचा. त्यापलीकडे पगार, औषधं, पाणी. घरच्यांची बाजू कुठल्याच अहवालात येत नाही: बुडालेली मजुरी, वकिलाची फी, कँटीनसाठी मनीऑर्डर, मुलाखतीसाठी, म्हणजे कैद्याला भेटायला, मुंब्र्याहून तळोज्याला घातलेला दिवस.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४७९ पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडायला सांगतं. इतरांना निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळले आहेत. मुदत भरली की अधीक्षकांनी स्वतः न्यायालयाला लेखी कळवायचं आहे. मात्र एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर ही सवलत नाही, आणि मोबाइल किंवा दुचाकी चोरीत पकडलेल्यावर तीन-चार पोलीस ठाण्यांचे गुन्हे एकदमच लागतात.