लोकसहभागी क्षयरोग नियंत्रण (बेळगाव सीमाभाग)

क्षयाचा संशयित शोधणे, त्याची तपासणी करवून घेणे, औषधे पूर्ण होईपर्यंत त्याला सांभाळणे आणि घरच्यांना जपणे ही कामे गावातल्याच माणसांनी सरकारी यंत्रणेच्या जोडीने करण्याची पद्धत म्हणजे लोकसहभागी क्षयरोग नियंत्रण. तपासणी आणि औषधे सरकारची, आणि मोफत. तिथपर्यंत पोचण्याची वाट मोकळी ठेवणे हे विकाससंस्थेचे काम. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या मराठीभाषक पट्ट्यात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत, ही वाट राज्याच्या हद्दीवर, कागदाच्या भाषेत आणि रोजगाराच्या हंगामात तुटते.

पूर्वी क्षय झालेल्या माणसाला आरोग्यधामात (सॅनेटोरियममध्ये) पाठवत. या मुलखाला मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे आरोग्यधाम जवळ पडे. घरी राहून औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात, हे मद्रासच्या संशोधन केंद्राने १९५९ साली दाखवून दिले आणि उपचार घराच्या सोप्यात आला. त्याच वर्षी बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिच्या अभ्यासकांनी १९६३ साली तुमकूर परिसरातील पाहणी प्रसिद्ध केली. फुप्फुसाचा क्षय असलेल्या बहुतेकांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याच्या आसपास लोक दवाखान्यात जाऊनही आले होते. ‘लोक अडाणी, म्हणून येत नाहीत’ हे अजूनही ऐकू येणारे म्हणणे या पाहणीने साठ वर्षांपूर्वीच खोडून काढले आहे.

क्षयरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. १९९७ पासून त्यात देखरेखीखाली औषध देण्याची ‘डॉट्स’ पद्धत आली आणि २०२० साली त्याचे नाव राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम असे झाले. स्वयंसेवी संस्थांना त्यात मोठ्या प्रमाणावर जागा मिळाली ती २०१० साली ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीने सुरू झालेल्या ‘अक्षय’ प्रकल्पापासून.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात खोकल्यापासून होते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन, रात्रीचा घाम यांपैकी काही आढळले की कार्यकर्ती नमुन्याची डबी देते. नमुना कसा द्यायचा हे नीट सांगणे हे यातले सर्वांत दुर्लक्षित कौशल्य आहे. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, अंगणात मोकळ्या हवेत उभे राहायचे, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून बेडका काढायचा. तोंडातली थुंकी आली तर नमुना वाया जातो आणि रोग असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. तपासणीसाठी वापरले जाणारे ‘ट्रूनॅट’ हे यंत्र शेजारच्या गोव्यातील कंपनीने विकसित केले आहे. त्यावर जंतू आहे का हे, आणि क्षयावरच्या रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो जुमानतो का हेही, काही तासांत कळते.

निपाणी हे तंबाखू आणि विडीचे गाव. विडीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. मांडीवर सूप घेऊन, अंधाऱ्या खोलीत तंबाखूच्या धुळीत बसणारी बाई दवाखान्याच्या रांगेत दिवस घालवते तेव्हा तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून इथे नमुना घरून नेणे ही सवलत मानू नये, कामाची ती पहिली अट आहे. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीकाम मोठे आहे. वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि त्यामुळे क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातील आमगाव, गवाळी, पास्तोळी या गावांचा पावसाळ्यात संपर्क तुटतो. तिथे गोळ्या पावसाआधी पोचवाव्या लागतात.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो: दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. ऊसतोडीचा हंगामही साधारण तेवढाच. चिकोडी, अथणी, रायबागच्या कारखान्यांकडे टोळ्या येतात. खानापूरची तरुण पोरे गोव्याला, पुण्याला कामाला जातात. ‘निक्षय’ या संगणकीय नोंदीमुळे रुग्णाचा क्रमांक देशभर चालतो. तरी हद्दीपलीकडच्या चंदगड किंवा गडहिंग्लजच्या आरोग्य केंद्राला फोन करून ‘आमचा माणूस तुमच्याकडे आलाय’ हे कोणीतरी सांगावेच लागते. टोळीचा मुकादम विश्वासात असेल तर गोळ्यांचा खंड टळतो. नसेल, तर दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि गोळ्या सुटतात. औषधांना न जुमानणारा क्षय होण्याचे ते एक मोठे कारण.

इथल्या आरोग्य केंद्रातली पत्रके आणि फलक बहुतांशी कन्नडमध्ये असतात. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरू नये, एवढे एक वाक्य रुग्णाला कळले नाही तर तो तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करतो. त्यामुळे दोन्ही भाषा येणारी आशाताई किंवा क्षयातून बरा झालेला, ‘टीबी चॅम्पियन’ म्हणून काम करणारा गावकरी इथे डॉक्टरइतकाच गरजेचा आहे. ‘गोळी घेतलासा काय ओ काकी?’ असे दारात विचारणारा माणूस छापील पत्रकापेक्षा अधिक काम करतो. मात्र दार कोणते, हे जपून ठरवावे लागते. लग्न ठरायच्या वयातील मुलगी किंवा नुकतीच नांदायला आलेली सून असेल तर भेट मंदिरात, बचत गटाच्या बैठकीत किंवा माहेरी घ्यावी. सुनेला माहेरी धाडून देणे आजही घडते आणि तिथे उपचार पुन्हा हद्दीपलीकडे जातो.

औषधाइतकाच आहार महत्त्वाचा. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना धान्य, डाळ दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये मिळतात, पण थेट बँक खात्यात. आधार न जोडलेले खाते किंवा नवऱ्याच्या ताब्यातले पासबुक सोडवण्यात कार्यकर्त्यांचा बराच वेळ जातो, आणि तो सार्थकी लागतो. घरातल्या इतरांची तपासणी करून, रोग नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक उपचार दिला जातो. धडधाकट माणसाला गोळी घ्यायला लावणे रुग्णाला पटवण्यापेक्षा अवघड जाते.

उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी पुन्हा तपासणी अपेक्षित असते. कामासाठी बाहेर गेलेल्यांची ही विचारपूस बहुधा फोनवर होते. गणपतीला किंवा यात्रेला ते गावी आले की त्यांचे वजन आणि बेडक्याची तपासणी उरकून घेतात.