करआकारणीविरुद्ध न्यायालयीन दाद (मुंबई)

आपल्यावर बसवलेला कर बेकायदा, अवाजवी किंवा चुकीच्या रीतीने ठरवलेला आहे, असा आक्षेप घेऊन करदात्याने अपील अथवा रिट याचिकेद्वारे (सरकारी कृतीविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेल्या अर्जाद्वारे) मागितलेली दाद. मुंबईतील अशा दाव्यांत ‘कर नकोच’ असे क्वचितच म्हटलेले असते. वाद असतो तो कर कोणत्या नियमाने, कोणत्या तारखेपासून आणि कशाच्या मोलावर लावला याचा.

कंपनी सरकारच्या काळात ही वाट जवळजवळ बंद होती. मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाला महसुलाच्या बाबतीत अधिकारच नव्हता. जप्ती आणणाऱ्या मुंबईच्या कलेक्टरविरुद्ध झालेल्या स्पूनर खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने) १८५० मध्ये तेच उचलून धरले: अधिकारी प्रामाणिक समजुतीने वागला असेल, तर कोर्टाने त्यात पडू नये. पहिली मोठी फट पडली १९२३ मध्ये. ॲलकॉक ॲशडाउन या कंपनीने उपस्थित केलेला कायद्याचा मुद्दा उच्च न्यायालयाकडे पाठवायला मुंबईचे महसूल अधिकारी तयार नव्हते. असा मुद्दा पाठवणे ही मर्जीची बाब नसून कर्तव्य आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरवले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २६५ ने कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येणार नाही, असे बजावले आणि अनुच्छेद २२६ ने उच्च न्यायालयाचे दार उघडले.

आयकरात आयुक्त (अपील), मग १९४१ साली स्थापन झालेले अपिलीय न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय अशी पायऱ्यांची रीत आहे. उच्च न्यायालयात केवळ कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न चालतो; हिशेबाची भांडणे खालीच मिटवावी लागतात. व्होडाफोन कंपनीच्या प्रकरणात २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याची बाजू मान्य केली, पण जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सरकारने त्याच वर्षी कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलून निकालाची हवा काढली आणि २०२१ मध्ये ती कराची मागणी सोडून दिली. जिंकलेला करदाता निर्धास्त नसतो, तो असा.

सामान्य मुंबईकराला मात्र जवळचा वाटतो तो मालमत्ता कर. १८८८ च्या महापालिका कायद्यानुसार करपात्र मूल्याविरुद्ध (ज्या मोलावर कर लागतो त्याविरुद्ध) आधी महापालिकेकडे तक्रार आणि नंतर लघुवाद न्यायालयात अपील करता येते. पण मागणीची रक्कम जमा केल्याखेरीज अपिलाची सुनावणी होत नाही. आधी भरा, मग भांडा. म्हणूनच अनेक गृहनिर्माण संस्था बिल ‘हरकत नोंदवून’ भरतात.

जुनी पद्धत भाड्यावर आधारलेली होती. भाडेनियंत्रणामुळे भाडी गोठली आणि त्यांच्याबरोबर करही. एप्रिल २०१० पासून महापालिकेने भांडवली मूल्याची, म्हणजे भाड्याऐवजी मालमत्तेच्या किमतीवर कर लावण्याची, पद्धत लागू केली. तिच्या नियमांना मालमत्ताधारकांच्या संघटनेसह अनेकांनी आव्हान दिले. खटला चालू असताना अंतरिम आदेशाने जुना कर आणि वाढीव फरकाचा निम्मा हिस्सा भरण्याची मुभा मिळाली. २४ एप्रिल २०१९ रोजी उच्च न्यायालयाने या पद्धतीचा कायदा वैध ठरवला, पण तिच्या नियमांपैकी २०, २१ आणि २२ हे रद्द केले. मोकळ्या जमिनीवर उद्या किती बांधकाम होऊ शकेल, यावर आज कर लावणे न्यायालयाला पटले नाही. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कायम केले आणि नियम मागच्या तारखेपासून लागू करता येणार नाहीत, असेही स्पष्ट केले. म्हणजे पराभव पद्धतीचा नव्हे, तिच्या नियमांचा झाला. करदात्याच्या दृष्टीने मात्र हा फरक मोठा होता, कारण बिलाचा आकडा नियमांतूनच निघतो.

धर्मादाय संस्थांचे वाद वेगळ्या जातीचे असतात. केवळ उपासनेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरलेल्या वास्तूला कायद्यात सूट आहे. भांडण त्या ‘केवळ’वर होते. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून कर माफ झाल्याने लहान घरांचे मालक या वादांतून बरेचसे बाहेर पडले. आता कज्ज्यात उरतात ते मुख्यतः मोठ्या घरांचे, दुकानांचे, कारखान्यांचे आणि मोकळ्या भूखंडांचे मालक.