काजूगराचे सात वाटे आणि १,४२,८५७

वेंगुर्ल्यात एक किलो काजूगराचे सात सारखे वाटे घालायचे आहेत. प्रत्येकी १४२ ग्रॅम घातले तर ६ ग्रॅम उरतात, १४३ घातले तर १ ग्रॅम कमी पडतो. आठ अंकी कॅल्क्युलेटर १ भागिले ७ चं उत्तर ०.१४२८५७१ दाखवतो आणि जागा संपली म्हणून थांबतो. हेच उत्तर पुन्हा टाइप करून ७ ने गुणलं तर १ ऐवजी ०.९९९९९९७ येतं.

म्हणून हा भागाकार कागदावरच करावा. बाकी ओळीने ३, २, ६, ४, ५, १ अशी उरते. सातने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य असतात. इथे सहाच्या सहा येऊन जातात, आणि १ आली की सगळं पहिल्यापासून सुरू. १४२८५७ फिरत राहतं ते यामुळे.

आता १४२८५७ ला ३ ने गुणा: ४२८५७१. तेच अंक, तोच क्रम, फक्त पुढचा १ मागे गेला. दहा सप्तमांश म्हणजे एक पूर्णांक तीन सप्तमांश, म्हणजे दशांशचिन्ह एक घर सरकवलं की ३/७ चेच अंक समोर येतात. २, ४, ५, ६ ने गुणलं तरी असंच. ७ ने गुणलं की मात्र ९९९९९९.

याच संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडा आणि दोन्ही तुकडे मिळवा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या डहाणूचे, जन्म १९०५ चा. आयुष्यभर शाळामास्तर राहून त्यांनी अंकांचा असा अभ्यास केला. या बेरजेमागचं कारण सोपं आहे. १४२८५६ ला ७ ने नि:शेष भाग जातो, २०४०८ वेळा. त्यामुळे वर्ग = २०४०८ × ९९९९९९ + १४२८५७. आता ९९९९९९ म्हणजे दहा लाखांत एक कमी. म्हणून २०४०८ दहा लाखांच्या घरात जाऊन बसतात आणि तेवढेच शेवटच्या सहा अंकांतून वजा होतात. बेरीज केली की ते परत मिळतात.

कापरेकरांनी नाव दिलेली हर्षद संख्याही हीच: अंकांची बेरीज २७, आणि १४२८५७ ला २७ ने भाग जातो, ५२९१ वेळा.

भागाकाराचे अंक असे एकाच फेरीत फिरतील, ही अपेक्षा मात्र प्रत्येक मूळ संख्येकडून नको. १३ ने भागताना येणारे अंक ०७६९२३ (१/१३) आणि १५३८४६ (२/१३) अशा दोन फेऱ्यांत विभागले जातात. १७ पुन्हा एकाच फेरीत बसते, सोळा अंकांच्या: ०५८८२३५२९४११७६४७. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पुढचं शून्य गाळणं. मग पंधराच अंक उरतात आणि दुप्पट केल्यावर येणाऱ्या ११७६४७०५८८२३५२९४ शी फेरी जुळत नाही. चौकटीच्या वहीत आधी सोळा घरं मोजून आखा, आणि पहिल्या घरात शून्य लिहा.