फ्लॅट भाड्याने देताय? अंगठा लावण्याआधी मीटर बोर्ड उघडा

आमचं काम भाडेकरार नोंदणीचं. अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम घेऊन आम्ही पुण्यात घरोघरी जातो आणि अकरा महिन्यांचे करार करून देतो. आग विझवण्याची नळकांडी आम्ही विकत नाही, तेव्हा घरातल्या आगीच्या धोक्याबद्दलचं पुढचं निर्धास्त वाचा.

डिपॉझिट आणि रंगाच्या पैशांवरून अर्धा तास घासाघीस होते. भिंतीला खिळे मारायचे नाहीत, हे तर हमखास लिहून घेतलं जातं. त्याच भिंतीतलं वायरिंग पंचवीस वर्षांचं असेल, तर तो विषय मात्र कुणी काढत नाही. चावी दिली की जबाबदारीही गेली, असं बरेच मालक धरून चालतात. तसं नाही. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा मालक आणि भोगवटादार (म्हणजे घरात राहणारा) दोघांनाही बांधतो. आम्ही ग्राहकांना सोपी वाटणी सांगतो: भिंतीत आणि भिंतीला पक्कं जे आहे ते मालकानं बघायचं, प्लगला जे लावलं ते भाडेकरूनं.

सुरुवात बोर्डापासून करा. चिनी मातीच्या जुन्या फ्यूजमध्ये कुणी जाड तांब्याची तार गुंडाळली असेल, तर तो फ्यूज उडणारच नाही, त्याआधी वायर तापेल. एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) वारंवार पडतो म्हणून 16 च्या जागी 32 अँपिअरचा बसवणं हाही तोच प्रकार. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी जवळजवळ 9 अँपिअर खेचते. ती 6 अँपिअरच्या छोट्या पॉइंटला मल्टिप्लग लावून चालवली, की सॉकेट आधी पिवळं पडतं, मग काळं. विद्यार्थ्यांना घर देताय? मग ते शेगडी आणणारच, हे गृहीत धरून ओट्याजवळ 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून द्या. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो, गळणारा करंट नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबलं आणि वीज गेली नाही, तर तो नुसता शोभेचा.

गॅसची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर साल छापलेलं असतं, वाकून वाचा. गळतीच्या तक्रारीचा 1906 हा नंबर ओट्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. वास आला तर रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, हेही भाडेकरूला तोंडी सांगा.

खिडक्यांच्या जाळ्या चोरासाठी बसवतात, पण अडकतो तो आतला माणूस. निदान एका जाळीला उघडणारं दार हवं आणि त्याची किल्ली भाडेकरूकडे हवी, तुमच्या कपाटात नको.

जिन्यातली, पॅसेजमधली आग विझवण्याची यंत्रणा सोसायटीची. जिथे ती बंधनकारक आहे, तिथे परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत ‘फॉर्म बी’, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. त्याची प्रत सेक्रेटरींकडे मागा, तो तुमचा हक्क आहे. जिन्याखाली मीटर आणि मीटरला खेटून स्कूटर, हे दृश्य जुन्या इमारतींत रोजचं. तिथे पेट घेतला तर धूर सरळ जिन्यातूनच वर चढतो आणि खाली उतरायची वाटच बंद होते. विषय सभेत काढा, वाईटपणा आला तरी चालेल. स्वतंत्र बंगल्यात कॉट बेसिसवर (दर खाटेमागे भाडं घेऊन) मुलं ठेवली असतील, तर तिथे सोसायटी नाही; सगळं तुमच्याच अंगावर.

करारात आम्ही विनामूल्य हे कलम घालून देतो: “वायरिंग, एमसीबी व गॅसजोडणी मालकाने ताबा देताना तपासून दिली आहे. भाडेकरू त्यात परस्पर बदल करणार नाही, ई-बाइकची बॅटरी दाराजवळ किंवा पॅसेजमध्ये चार्ज करणार नाही आणि बिघाड दिसताच मालकास लेखी कळवील. मालक दुरुस्ती सात दिवसांत करून देईल.” सात दिवसांवर काही मालक नाक मुरडतात. आम्ही तो आकडा वाढवत नाही.

आम्ही येऊ त्या दिवशी आधार, पॅन आणि वीजबिलासोबत इलेक्ट्रिशियनची पावती आणि उघडलेल्या बोर्डाचा फोटो तयार ठेवा. दोन्ही करारासोबत जोडून देतो.